मोल चांदीचे की हाताचे?

बीदरची बिदरी सुरई हातात घेतली की ग्राहकाचा पहिला प्रश्न असतो, 'यात चांदी किती?' मग मजुरीवर घासाघीस सुरू होते. आमच्या मते हिशेब येथेच चुकतो. जस्तात थोडे तांबे मिसळून भांडे ओततात, नक्षी कोरतात, तीत चांदीची तार ठोकून बसवतात. शेवटी नवसागर व बीदरच्या किल्ल्यातील माती घातलेल्या गरम पाण्यात जस्त काळे पडते, चांदी पांढरीच राहते. चांदी कोणत्याही सराफाकडे मिळते. हा हुन्नर मिळत नाही.

बिदरीला २००६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. २०२३ साली कारागीर शाह रशीद अहमद कादरी यांना पद्मश्री जाहीर झाली. मात्र सन्मानाने घरखर्च भागत नाही. जुन्या वस्तूला मागेल ती किंमत देणारे शौकीन नव्या वस्तूची मजुरी कापत असतील, तर कारागिराच्या मुलाने छिन्नी का धरावी?

दुकानदारांनी पावतीवर चांदी व मजुरी वेगळी लिहावी, कारागिराचे नावही द्यावे. ग्राहकांनी चांदीचा भाव जरूर तपासावा, मजुरी मात्र पूर्ण द्यावी, अशी आमची विनंती आहे.