टाकीची गळती आणि न घेतलेली गोळी



रक्तदाब, मधुमेह, गुडघेदुखी यांविषयी या सदरातून आपला संवाद नेहमीच होत असतो. आजचा विषय वाचून मात्र काहींना वाटेल, डॉक्टरांनी दवाखाना सोडून प्लंबिंग कधीपासून सुरू केले? आज मला आपल्या शौचालयातील फ्लशच्या टाकीविषयी, किंबहुना त्या टाकीच्या तळाशी बसलेल्या एका रबरी चकतीविषयी लिहायचे आहे. तिचा आणि प्रकृतीचा संबंध काय, हे मलाही एका रुग्णाने शिकवले.

हे गृहस्थ अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. हृदयाची आकुंचनशक्ती कमी झालेली, त्यामुळे अंगात पाणी साठू नये म्हणून रोज लघवी वाढविणारी गोळी चालू. दोन वर्षे प्रकृती उत्तम सांभाळली होती. गेल्या पावसाळ्यात ते आले ते पायांवर सूज घेऊन. नडगीवर बोट दाबले की खळगा उमटत होता, वजन तीन किलोंनी वाढले होते आणि दवाखान्याच्या चार पायऱ्या चढताना धाप लागली होती. गोळीची मात्रा पुरत नसावी, असा सरळ तर्क करून मी ती दुप्पट लिहायला घेतली. तेवढ्यात काकूंनी औषधांची पिशवी टेबलावर उपडी केली. बाकीच्या गोळ्यांच्या पट्ट्या रिकाम्या होत आल्या होत्या. लघवीच्या गोळ्यांची पट्टी मात्र जवळजवळ भरलेली.

"काका, ही गोळी घेत नाही का तुम्ही?" मी विचारले. ते खाली मान घालून बसले. उत्तर काकूंनी दिले. "डॉक्टर, आमचा फ्लश बिघडलाय. टाकी सारखी गळते, रात्रभर पाण्याचा आवाज येतो, म्हणून हे कॉक बंद करून ठेवतात. मग दर वेळी बादली भरून ओतावी लागते. गोळी घेतली की पाच-सहा वेळा जावे लागते. यांना बादली उचलवत नाही, आणि मी उचललेली यांना चालत नाही."

मी लिहिलेला कागद फाडून टाकला. ज्या रुग्णाला औषधाची मूळ मात्राच पोटात जात नव्हती, त्याला मी दुप्पट मात्रा देणार होतो. त्यांनी ती भीतीपोटी एकदम सुरू केली असती, तर रक्तदाब उतरून, चक्कर येऊन ते त्याच ओल्या फरशीवर पडले असते. तीस वर्षांच्या व्यवसायात "पाणी किती पिता?" हा प्रश्न मी हजारदा विचारला असेल; "घरातला फ्लश चालतो का?" हा एकदाही विचारला नव्हता.

त्यानंतर हा प्रश्न विचारू लागलो, आणि उत्तरे ऐकून थक्क झालो. शौचालयात जाणे कष्टाचे झाले की वृद्ध माणसे तक्रार करीत नाहीत. ती पाणी पिणे कमी करतात. त्यातून बद्धकोष्ठता होते, लघवीला जळजळ होते, उन्हाळ्यात शुष्कता येते. कोणी रात्री जाणे टाळून लघवी तुंबवून ठेवतात. कोणी भरलेली बादली ओढत नेतात. पंधरा लिटरची बादली म्हणजे पंधरा किलो वजन, आणि तेही वाकून, ओल्या जागेत, अपुऱ्या उजेडात. मांडीचे हाड मोडण्यासाठी याहून अधिक काही लागत नाही.

आता या टाकीची रचना समजून घेऊ. कमोडच्या मागील टाकीचे झाकण काढले की आत दोन भाग दिसतात. एका बाजूला पाणी आत सोडणारा तरंगता गोळा किंवा छोटा डबा असलेला व्हॉल्व्ह. टाकी भरली की तो तरंगत वर येतो आणि पाणी बंद करतो. मध्यभागी उभा असलेला प्लॅस्टिकचा मनोरा म्हणजे फ्लश व्हॉल्व्ह. त्याच्या तळाशी रबराची चकती असते. बटण दाबले की ती वर उचलली जाते, पाणी वेगाने खाली जाते आणि टाकी रिकामी होताच चकती पुन्हा भोकावर घट्ट बसते. वरच्या पाण्याचे वजनच तिला दाबून धरते. बोअरवेलच्या जड पाण्यातील क्षार तिच्या कडेवर साचले, किंवा रबर वयोमानाने कडक व चपटे झाले, की फट राहते आणि पाणी अखंड झिरपते. दहा मिनिटांत एक लिटर म्हटले तरी दिवसाला १४४ लिटर पाणी वाया जाते.

दोष नेमका कुठे आहे, हे घरच्या घरी कळते. रात्री निजताना टाकी पूर्ण भरू द्या, भिंतीवरचा अँगल कॉक बंद करा आणि टाकीच्या आत पाण्याच्या पातळीवर पेन्सिलीने खूण करा. तासाभराने पातळी उतरलेली दिसली, तर फ्लश व्हॉल्व्हची चकती गळते आहे. पातळी तशीच राहिली, पण कॉक उघडल्यावर पाणी मधल्या पोकळ नळीतून वाहून जाताना दिसले, तर दोष पाणी आत सोडणाऱ्या व्हॉल्व्हचा आहे. दुसरी परीक्षा आणखी सोपी : टाकीत खाण्याच्या रंगाचे काही थेंब टाका आणि अर्धा तास फ्लश वापरू नका. भांड्यात रंग उतरला, तर गळती निश्चित.

दुरुस्ती कोणी करावी? ज्यांना वाकल्यावर चक्कर येते, ज्यांचा तोल जातो किंवा ज्यांची नुकतीच शस्त्रक्रिया झाली आहे, त्यांनी मुळीच नाही. रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्यांनीही दूर राहावे. चिनी मातीच्या झाकणाची तुटकी कड हाताला खोल कापते आणि रक्त लवकर थांबत नाही. स्टुलावर किंवा कमोडच्या झाकणावर उभे राहण्याचा विचारही नको. घरातील धडधाकट माणसाने, मुलाने, सुनेने किंवा नातवाने हे काम करावे. रीत अशी :

१. अँगल कॉक बंद करून फ्लश दाबा आणि टाकी रिकामी करा. तळाशी उरलेले पाणी स्पंजने टिपून घ्या. हातात रबरी मोजे असावेत.

२. झाकण उचलण्यापूर्वी बटण फिरवून सुटते का ते पाहा; पुष्कळ टाक्यांत ते झाकणाला धरून ठेवते. झाकण जड असते. ते जमिनीवर जुन्या टॉवेलवर ठेवा, कमोडच्या कडेवर नव्हे.

३. मधला मनोरा दोन्ही हातांनी धरून घड्याळाच्या उलट दिशेने थोडासा फिरवा. बहुतेक नव्या टाक्यांत तो पाव फेऱ्यात सुटून वर येतो. सुटला नाही तर जोर लावू नका. प्लॅस्टिक तुटले की छोटे काम मोठे होते.

४. तळाची चकती पाहा. नुसते क्षार साचले असतील, तर कोमट पाण्यात लिंबूसत्त्व घालून अर्धा तास भिजवा आणि मऊ कापडाने पुसा. ज्या गोल कडेवर ती बसते, ती कडही बोट फिरवून स्वच्छ करा.

५. चकती कडक, चिरलेली किंवा वाकडी झाली असेल, तर ती बदला. जुनी चकती सोबत घेऊनच हार्डवेअरच्या दुकानात जा. "साधारण एवढी" असे हाताने दाखवून आणलेली चकती बहुधा बसत नाही.

६. मनोरा जागेवर बसवून उलट फिरवा, कॉक हळू उघडा आणि टाकी भरू द्या. पाण्याची पातळी मधल्या नळीच्या तोंडापासून सुमारे एक इंच खाली थांबली पाहिजे. मग पेन्सिलीची परीक्षा पुन्हा घ्या. शेवटी साबणाने हात धुवा.

मनोऱ्याचा खालचा भागच तडकला असेल, तर पूर्ण व्हॉल्व्ह बदलावा लागतो. त्यासाठी अनेकदा टाकी खाली उतरवावी लागते, तिचे बोल्ट आणि वायसर पुन्हा नीट बसवावे लागतात. हे काम प्लंबरचेच. भिंतीत लपविलेल्या टाकीच्या बाबतीतही हाच नियम. बाजूला दांडी असलेल्या काही जुन्या टाक्यांत सायफनची रचना असते. त्यातील पातळ पडदा फाटला की दांडी पाच-सहा वेळा दाबूनही पाणी सुटत नाही. म्हाताऱ्या मनगटाला ती कसरत असह्य होते, पण पडदा बदलून घेतला की भागते.

दोन सूचना डॉक्टर म्हणून. टाकीत टाकण्याच्या, क्लोरीन असलेल्या वड्या रबराला लवकर कडक करतात; त्या टाळाव्यात. आणि आम्लयुक्त क्लीनर व ब्लीचिंग पावडर एकत्र कधीही वापरू नका. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. बंद शौचालयात दम्याच्या रुग्णाला तो जीवघेणा ठरू शकतो.

दुरुस्ती होईपर्यंतचे दिवस कसे काढावेत? भरलेली बादली ठेवू नका. शौचालयातच दोन छोट्या बादल्या प्रत्येकी तीन-चार लिटर भरून, स्टुलावर हाताच्या उंचीला ठेवा. त्या भरण्याचे काम घरातील तरुण माणसाने सकाळ-संध्याकाळ करावे. रात्री मंद दिवा जळता असावा आणि पायांखाली न घसरणारी चटई असावी. लघवीची गोळी मनाने बंद करू नका. ती घेण्याची वेळ गैरसोयीची असेल, तर डॉक्टरांना सांगा. पुष्कळांना ती सकाळी घेता येते आणि रात्रीच्या फेऱ्या कमी होतात.

आणि शुश्रूषा करणाऱ्यांना एक विनंती. फ्लश दुरुस्त झाला की तो स्वतः दाबून "चालतो" असे ठरवू नका. घरातील सर्वांत वृद्ध व्यक्तीला दाबायला सांगा. संधिवाताने वाकलेल्या अंगठ्याला जे बटण दबत नाही, ते तुमच्या अंगठ्याला दबले तरी बिघडलेलेच आहे. आठवड्यातून एकदा त्या शौचालयाचा वापर तुम्ही स्वतः करा. कोणते दुःख आपल्याला सांगितले जात नव्हते, ते तिथे कळेल. आईवडील आपल्या औषधांच्या खर्चाबद्दल बोलतील, जेवणाबद्दल कुरकुरतील. पण बादली उचलवत नाही, हे सांगायला त्यांना लाज वाटते. तो विषय तुम्हीच काढायला हवा.

त्या काकांच्या घरी दुसऱ्याच दिवशी शेजारच्या इंजिनिअर मुलाने चकती बदलून दिली. मी गोळीची जुनीच मात्रा सकाळी घ्यायला सांगितली, रोज वजन लिहून ठेवायला सांगितले आणि चार दिवसांनी पुन्हा बोलावले. आठवड्यानंतर सूज उतरली, वजन पूर्वीच्या जागी आले. दवाखान्यातून निघताना काका दारात थांबले आणि म्हणाले, "डॉक्टर, आता रात्री आवाज येत नाही. हिलाही झोप लागते." काकू काही बोलल्या नाहीत. त्यांनी रिकामी झालेली पट्टी माझ्यापुढे धरली, आणि पुढच्या महिन्याच्या गोळ्या लिहून मागितल्या.