एका शब्दातली दोन घाया

इंग्रजीत कामात गढलेला माणूस वेगळा आणि घाईत असलेला वेगळा. डॅनिश भाषा दोघांनाही 'ट्राउल्ट'च म्हणते. इंग्रजीतला हा भेद राखण्यासाठी कोशातून 'ओप्टेएद' शोधून आणणारे अनुवादक आम्हांला पटत नाहीत. तो शब्द व्यग्र माणसाला चालतो. पण अडलेल्या टेलिफोनलाही आणि भरलेल्या खुर्चीलाही! कामाचा रेटा त्यात उतरत नाही. (आपल्या 'गडबडीत आहे'मध्ये तरी दोन्ही कुठे वेगळे असते?) होल्बर्गचे १७२६ साली रंगभूमीवर आलेले प्रहसन अशाच, काम नसता सदैव धावपळीत असणाऱ्या गृहस्थावर आहे. त्याच्या शीर्षकातला 'स्टुनेस्लोस', म्हणजे क्षणाची उसंत नसलेला, हा घरचा शब्द हाताशी असताना इंग्रजी वाक्प्रचारांची शब्दशः नक्कल कशासाठी करावी?