नफा त्यांचा, नुकसानभरपाई आपली?



बंगळुरूला एचएसआर लेआउटमध्ये मुलाकडे गेलो होतो. 9 फेब्रुवारी 2025 पासून तिथल्या मेट्रोचे कमाल भाडे 60 वरून 90 रुपये झाले, त्यावर गप्पा निघाल्या. शेजारचे गृहस्थ म्हणाले, "सरकारी कारभार असाच! खाजगी कंपनीला द्या, सुरळीत होईल." त्यांना दिल्लीची हकीकत सांगितली, तीच इथे मांडतो.

दिल्ली मेट्रोने 2008 साली विमानतळ मार्ग 30 वर्षांच्या कराराने रिलायन्स इन्फ्रास्ट्रक्चर व स्पेनच्या सीएएफ यांच्या कंपनीला दिला. पूल-बोगदे दिल्ली मेट्रोने बांधले, गाड्या कंपनीच्या. फेब्रुवारी 2011 मध्ये मार्ग सुरू झाला. जुलै 2012 मध्ये पुलांच्या बेअरिंगमधील दोषांमुळे बंद पडला. दोष खरे होते, ते झाकू नयेत. पण ऑक्टोबरमध्ये कंपनीने करार संपवल्याची नोटीस दिली. जानेवारी 2013 मध्ये मेट्रो रेल्वे सुरक्षा आयुक्तांनी वेगमर्यादा घालून मार्ग मंजूर केला, गाड्या पुन्हा धावल्या. तरीही कंपनी बाहेर पडली. 1 जुलै 2013 पासून गाड्या चालवल्या दिल्ली मेट्रोच्या कर्मचाऱ्यांनी, आणि कंपनी मागत राहिली भरपाई!

लवादाने 2017 साली कंपनीला सुमारे 2,782 कोटी व व्याज मंजूर केले. उच्च न्यायालयाच्या एकल न्यायाधीशांनी ते कायम केले, 2019 मध्ये खंडपीठाने रद्द केले, 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा कायम केले. अखेर 10 एप्रिल 2024 रोजी क्युरेटिव्ह याचिकेवर त्याच न्यायालयाने निवाडा रद्द ठरवला. तोवर रक्कम व्याजासह 8,000 कोटींवर गेली होती. कारण काय? लवादाने सुरक्षा आयुक्तांचे प्रमाणपत्रच विचारात घेतले नव्हते!

रेल्वेवाल्यांनो, त्या प्रमाणपत्राची किंमत आपल्याला सांगायला नको. त्याशिवाय नव्या मार्गावर प्रवासी गाडी धावत नाही. मग करोडोंच्या दाव्यात ते दुय्यम कसे ठरते?

निकाल लागला म्हणून टाळ्या पिटून घरी जाऊ नका. क्युरेटिव्ह याचिका क्वचितच मंजूर होते. ती फेटाळली असती, तर हे हजारो कोटी भाड्यातून किंवा करातून, म्हणजे आपल्याच खिशातून गेले असते. मुंबईच्या वर्सोवा-घाटकोपर मेट्रोच्या वाढीव खर्चाचा वादही लवाद व उच्च न्यायालयापर्यंत गेलाच.

म्हणून मागणी स्पष्ट आहे. रेल्वे असो वा पोस्ट, खाजगीकरणाचा प्रत्येक करार सहीपूर्वी जनतेपुढे व युनियनपुढे ठेवा. कंपनी मध्येच सोडून गेली तर पैसे कोण देणार, हे कलम आधी वाचून दाखवा. ते वाचल्याशिवाय गप्प बसायचे नाही!

कामगार एकजुटीचा विजय असो!