क्यूबाची कोंडी

२९ ऑक्टोबर २०२५ रोजी संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने क्यूबावरील अमेरिकेची व्यापारबंदी उठवावी, असा ठराव १६५ विरुद्ध ७ मतांनी संमत केला. १२ राष्ट्रे तटस्थ राहिली. भारताने ठरावाच्या बाजूने मत दिले, हे योग्यच झाले. १९९२ पासून असे ठराव संमत होत आले आहेत आणि वॉशिंग्टनने ते केराच्या टोपलीत टाकले आहेत, यात नवल उरलेले नाही. परंतु २०२४ साली विरोधात अवघी दोन मते होती, ती वर्षभरात सात झाली, ही गोष्ट आम्हांस चिंताजनक वाटते.

फ्लॉरिडाच्या किनाऱ्यापासून जेमतेम दीडशे किलोमीटरांवरील सुमारे एक कोटी वस्तीच्या या बेटाशी अध्यक्ष केनेडी यांनी १९६२ च्या फेब्रुवारीत व्यापार बंद केला. त्यामागील हेतू तर्काने ताडण्याची आता गरज नाही. अमेरिकेच्या परराष्ट्रखात्यातील लेस्टर मॅलरी या अधिकाऱ्याचे एप्रिल १९६० मधील गुप्त टिपण पुढे प्रसिद्ध झाले आहे. बहुसंख्य क्यूबन जनता कॅस्ट्रो यांच्या पाठीशी आहे, हे त्यात स्वच्छ मान्य केले असून, पैसा व माल रोखून लोकांत उपासमार आणि वैफल्य निर्माण करावे, म्हणजे सरकार उलथेल, असा उपाय सुचविला आहे. तेव्हा जनतेचे हाल हा या औषधाचा दुष्परिणाम नव्हे, तेच औषध! सरकार मात्र उलथले नाही. कॅस्ट्रो नव्वदी गाठून २०१६ साली हवानातच वारले.

अन्न व औषधे यांना सूट आहे, असे सांगण्यात येते. कागदावर ते खरे आहे. २००० सालच्या कायद्याने धान्य विकण्यास मुभा दिली, पण रोख रक्कम आगाऊ मोजण्याच्या अटीवर. १९९२ च्या कायद्यान्वये व्यापारासाठी क्यूबाच्या बंदरास लागलेल्या जहाजाला १८० दिवस अमेरिकेच्या बंदरात मज्जाव होतो. मग कोणता जहाजमालक तिकडे फिरकेल? २०२० साली, ऐन कोरोनाच्या साथीत, क्यूबाला श्वसनयंत्रे देणाऱ्या स्विस कंपन्यांचा पुरवठा, त्या अमेरिकन मालकीच्या झालेल्या असल्यामुळे, थांबला. कागदावरची सूट रुग्णाच्या खाटेपर्यंत पोहोचली नाही.

हवानाचे राज्यकर्ते निर्दोष आहेत, असे आमचे म्हणणे नाही. एकपक्षीय राजवट, जुलै २०२१ मध्ये रस्त्यावर उतरलेल्या तरुणांना झालेल्या प्रदीर्घ शिक्षा, शेतीची दैना, यांचे सारे खापर वॉशिंग्टनच्या माथी फोडता येणार नाही. पण ते तसे फोडण्याची आयती सोय या निर्बंधांनीच करून ठेवली आहे. आमच्या मास्तरकीच्या दिवसांत एका द्वाड मुलापायी सगळ्या वर्गाला बाकावर उभे करणारे गुरुजी आम्ही पाहिले आहेत. आठवड्याभरात तो द्वाडच वर्गाचा पुढारी होत असे.

भारताने केवळ मत देऊन थांबू नये. हा विषय वॉशिंग्टनशी होणाऱ्या बोलण्यांतही काढावा. १९६६ च्या टंचाईत, व्हिएतनामविषयी आपण केलेल्या टीकेचा राग धरून अध्यक्ष जॉन्सन यांनी गव्हाची जहाजे हात आखडून सोडली होती. रेशनच्या रांगेत उभ्या राहिलेल्या पिढीस तो अपमान आठवत असेल. मात्र बोलताना आपला हातही स्वच्छ हवा. २०१५ साली, भूकंपाने खचलेल्या नेपाळच्या सीमेवर इंधनाच्या गाड्या महिनोन्‌महिने अडल्या, तेव्हा ही नाकेबंदी आपली नव्हे, असे दिल्लीने सांगितले. काठमांडूत चुलीला इंधन नसलेल्या घरांना ते पटले नव्हते.