वाटी रिकामी परत देऊ नये



शेजारणीने वाटीभर आमटी दिली तर वाटी रिकामी परत द्यायची नाही, हे आपल्याला कुणी शिकवावे लागत नाही. घरात दुसरे काही नसले तर चिमूटभर साखर तरी घालून द्यायची. पण कधी कधी असे काही पदरात पडते की ती वाटी परत कशाने भरावी हेच सुचत नाही. आज त्याविषयीच चार शब्द लिहिते.

आमच्या हुपरीत घरोघरी चांदीचे काम. कुणी पैंजणाच्या कड्या जुळवते, कुणी घुंगरू लावते. लग्नसराई जवळ आली की जेवायलाही सवड नसते. नेमक्या अशा दिवसांत आमच्या सासूबाई न्हाणीत घसरल्या आणि खुब्याचे हाड मोडले. मिरजेला नेऊन ऑपरेशन करावे लागले. अठरा दिवस दवाखान्यात! इकडे दोन मुलांची शाळा, माझे सकाळचे चार तास आणि ह्यांच्या ऑर्डरी. पाहुणे भेटायला येत, फळे ठेवत, "काही लागलं तर सांगा हं" म्हणत आणि शेवटची एसटी गाठत. त्यांचेही बरोबरच, ज्याला त्याला आपला संसार आहे.

आमच्या शाळेत शिवण शिकवणाऱ्या बाई ख्रिस्ती आहेत, माहेर मिरजेचे. त्यांनी फक्त एवढेच विचारले, "वैनी, वॉर्ड कुठला? आणि आत्तींना मीठ चालतं का?" दुसऱ्या दिवशी बाराच्या ठोक्याला एक अनोळखी मावशी तीन पुडांचा डबा घेऊन हजर! खाली मऊ भात, मध्ये बिनमिठाचे वरण, वरच्या पुडात माझ्यासाठी भाकरी आणि झणझणीत पिठले. तिसऱ्या दिवशी दुसरीच बाई, चौथ्या दिवशी तिसरी. दोन रात्री एका निवृत्त नर्सबाईंनी मला घरी पाठवले आणि स्वतः उशाशी बसल्या. पाठीला फोड येऊ नयेत म्हणून कूस कशी बदलायची, पायात उशी कशी ठेवायची, हे त्यांनीच मला शिकवले.

हे सगळे चालते कसे, याची मला उत्सुकता होती. गुपित काहीच नव्हते. त्यांच्या चर्चच्या महिला मंडळाची एक शंभर पानी वही. रविवारी उपासना संपली की दारातच ती उघडायची. कोण आजारी, कोण बाळंत, कुणाकडे दुःख झाले, ते वाचायचे आणि ज्या-त्या बाईने आपला वार लिहायचा. आता मोबाइल आहे, पण वही सुटलेली नाही. बाई म्हणाल्या, "मोबाइलवर सगळ्या हात जोडतात, वहीत नाव लिहावं लागतं!"

ख्रिस्ती लोक चर्चमधल्या समुदायाला 'मंडळी' म्हणतात. आपण "काय मंडळी, जेवलात का?" म्हणतो ना, तोच शब्द. आभार मानण्याला त्यांचा शब्द आहे 'उपकारस्तुती'. मला तो फार आवडला. आपल्याकडे 'उपकार' म्हटले की मान खाली जाते, ओझे वाटते. इथे त्याच शब्दाला स्तुती जोडली, आणि ओझ्याचे गाणे झाले.

आमच्या गल्लीत एकीने विचारलेच, "अगं, त्यांचा काहीतरी हेतू असेल." मी एवढेच सांगते की अठरा दिवसांत कुणी एक पुस्तकही पुढे केले नाही. निघण्याच्या दिवशी त्या मावशींनी, "प्रार्थना केली तर चालेल का?" असे आधी विचारले. सासूबाई म्हणाल्या, "करा की! देव काय दोन हाईत?" दोन मिनिटांची प्रार्थना झाली, आणि घरी आल्यावर सासूबाईंनी अंबाबाईची ओटीही भरली. दोन्हींत त्यांना काही अडचण वाटली नाही.

जुन्या काळी मिशनरी आले ते धर्म सांगायला आले, हे त्यांनी कधी लपवले नाही. कोल्हापुरात रॉयल वाइल्डर १८५२ साली आले. डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ साली मिरजेत रुग्णालय उघडले आणि मिरजेचे नाव दूरवर झाले. धर्मप्रसारावर ज्याचे त्याचे मत असो. पण त्या दवाखान्यांत रात्री जागले कोण? त्या काळी बहुतेक घरांत मुलीने परिचारिका होणे कमीपणाचे समजत. परक्या माणसाला हात लावायचा, कुणाचीही घाण काढायची, शिवाय रात्रपाळी! तेव्हा ख्रिस्ती घरांतल्या मुली पुढे आल्या. आपल्या आज्या-पणज्यांची अवघड बाळंतपणे सोडवणाऱ्या हातांत त्यांचे हात होते. मोठ्या डॉक्टरांची नावे इतिहासात राहिली, या मुलींची नावे कुणी लिहून ठेवली नाहीत.

पंडिता रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळात शेकडो मुली-बायकांना केडगावला आणून सांभाळले. लक्ष्मीबाई टिळकांचे 'स्मृतिचित्रे' तुमच्यापैकी अनेकींनी वाचले असेल. बालकवी ठोंबरे त्यांच्या घरी राहिले तेव्हा लक्ष्मीबाईंनी त्यांना आईची माया लावली. धर्म वेगळा म्हणून मायेचे माप कमी पडले नाही.

दूर मिझोराममध्ये तर आणखी एक सुंदर रीत आहे. तिथल्या ख्रिस्ती बायका रोज स्वयंपाकाला तांदूळ घेताना एक मूठ बाजूला काढतात. घरोघरचे तांदूळ गोळा करून, विकून, पैसा मंडळीच्या कामाला लावतात. शंभर वर्षांहून अधिक काळ हे चालू आहे. एक मूठ कमी झाल्याने कुणी उपाशी राहत नाही, हे आपण स्वयंपाक करणाऱ्या जाणतोच.

आता आमच्या वाटीची गोष्ट. हुपरीची माणसे आम्ही, सासूबाईंनी फर्मावले, "त्या मावशींना चांदीची वाटी द्या." मी घेऊन गेले. मावशींनी ती हातात घेतली, कौतुक केले आणि परत माझ्या पिशवीत ठेवली. म्हणाल्या, "एकीला दिलीस तर बाकीच्या अकरा जणींचं काय? त्यापेक्षा सणाला ये." त्यांच्याकडे हंगामाचा सण असतो. शेतातले, परसातले पहिले पीक चर्चमध्ये आणायचे आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव करायचा. आम्ही गुळाचा एक रवा नेला. सासूबाई काठी टेकत आल्या होत्या. लिलावात त्या गुळाची बोली बाजारभावाच्या चौपट गेली तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता!

परत आल्यावर आम्ही गल्लीतल्या सहा जणींनी अशीच एक वही घातली. आमच्या अनुभवातून काही गोष्टी सांगते, तुम्हांलाही उपयोगी पडतील.

"काही लागलं तर सांगा" असे म्हणू नये. आजाऱ्याच्या घरची बाई कधीच सांगत नाही. "मंगळवारचा डबा माझा" असे म्हणावे.

डबा नेण्याआधी पथ्य विचारावे. आजाऱ्याचा आणि सोबत राहणाऱ्याचा पूड वेगळा ठेवावा. सोबतीच्या बाईची जेवणाची आबाळ सर्वांत जास्त होते.

डब्याच्या बुडाला चिकटपट्टी लावून नाव लिहावे. डबे अदलाबदल होऊन रुसवेफुगवे होत नाहीत.

ज्यांना स्वयंपाक जमत नाही त्यांनी मुलांना शाळेत सोडावे, दळण आणावे, दुपारी दोन तास बसावे. त्यालाही वहीत जागा आहे.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे आजारी माणूस घरी आल्यावर पंधरा दिवस वार चालू ठेवावेत. दवाखान्यात गर्दी असते, खरी दमछाक घरी आल्यावर होते.

आभार मानताना "सगळ्यांचे आभार" असे मोघम म्हणू नये. ज्या बाईने जे केले ते तिचे नाव घेऊन, चार माणसांत सांगावे. मी शाळेच्या स्नेहसंमेलनात शिवणाच्या बाईंविषयी तसेच सांगितले. त्या लाजून मागच्या दाराने निघून गेल्या, पण दुसऱ्या दिवशी दोन पालक वहीची चौकशी करायला आले.

सध्या आमच्या वहीत एका बाळंतिणीचे नाव आहे. बुधवार माझा. डिंकाचे लाडू वळायला सासूबाई बसून मदत करणार आहेत.