समावेशक वर्गातला कायमचा पाहुणा

१/ वसई म्हटले की आपण १७३९ मध्ये, चिमाजी अप्पांच्या मोहिमेत रमतो. रमावेच. परंतु त्या किल्ल्यापासून फार दूर नसलेल्या भुईगावातील दृष्टिहीन मूल गावच्याच शाळेत कोणाच्या आधाराने शिकणार, हाही इतिहासाचाच प्रश्न आहे.

२/ समावेशक शिक्षणाला 'नवे फॅड' म्हणणाऱ्यांनी १९७४ हे साल ध्यानी घ्यावे. दिव्यांग मुलांना सर्वसाधारण शाळेत आणणारी केंद्राची एकात्म शिक्षण योजना त्या वर्षीची. १९९२ च्या सुधारित आराखड्यात आठ मुलांमागे एक विशेष शिक्षक, असे प्रमाणही होते.

३/ पुढे योजनांची नावे बदलली: २००१ मध्ये सर्व शिक्षा अभियान, २०१८ मध्ये समग्र शिक्षा. ब्रेल शिकवणारा, वर्गशिक्षकाशेजारी उभा राहून तोच धडा निराळ्या वाटेने मुलापर्यंत नेणारा विशेष शिक्षक मात्र महाराष्ट्रात वर्षानुवर्षे कंत्राटीच राहिला. (अभियानांना मुदतवाढ मिळते, माणसांना नाही!)

४/ २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्राथमिक स्तरावर दहा दिव्यांग विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक, असे प्रमाण सांगितले. २०२४ मध्ये राज्याने ४,८६० पदे निर्माण केली, केंद्रामागे एक. केंद्र म्हणजे अनेक शाळांचा समूह. म्हणजे शिक्षक आज एका शाळेत, उद्या दुसऱ्या. ही नेमणूक स्वागतार्हच. परंतु तिला समावेशन म्हणणे ही शुद्ध दिशाभूल आहे. पाहुण्याच्या हातून ब्रेल शिकून होत नाही. तो नसेल त्या दिवशी भुईगावच्या वर्गात त्या मुलाने काय करावे, हे शासनाने एकदा लिहून द्यावे.