वृक्षांची नाडीपरीक्षा

वैद्य रोग्याचा हात हाती घेऊन नाडी पाहतो, हे सर्वांच्या परिचयाचे आहे. परंतु रोगी कोट्यवधी असून ते दुर्गम पर्वतावर उभे असतील, तर त्यांची नाडी कोणी व कशी पाहावी? अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यापुढे हाच प्रश्न उभा राहिला, आणि त्याचे उत्तर तेथील शास्त्रज्ञांनी आकाशातून शोधिले.

सन २०१२ ते २०१६ या काळात त्या राज्यात भयंकर अवर्षण पडले. सिएरा नेव्हाडा पर्वतावरील पाइन वृक्ष त्यामुळे क्षीण झाले. निरोगी पाइनची साल कीटकाने पोखरली, की वृक्ष राळ सोडून त्यास बाहेर लोटतो. पाण्यावाचून ती राळ पुरेशी उत्पन्न होईना. तेव्हा तांदळाच्या दाण्याएवढे भुंगेरे या निःशस्त्र वृक्षांवर तुटून पडले. हे कीटक सालीखालचा रसवाही थर खातात व आपल्यासोबत बुरशीही आणतात. सन २०१० ते २०१७ या अवधीत त्या राज्यात सुमारे १२ कोटी ९० लाख वृक्ष मेले, असा अमेरिकेच्या वनखात्याचा अंदाज आहे. अशा वाळल्या रानास एक ठिणगी पुरे होते.

खरी अडचण पुढेच आहे. कीड लागलेला वृक्ष काही काळ हिरवागारच दिसतो. पाने तांबूस झालेली आपल्या दृष्टीस पडतात, तोवर भुंगेऱ्यांची पुढील पिढी बहुधा शेजारच्या झाडावर गेलेली असते. येथे दूरसंवेदनशास्त्र साहाय्यास येते. निरोगी पान सूर्यप्रकाशातील तांबडे किरण अन्ननिर्मितीसाठी शोषून घेते. परंतु मानवी नेत्रास अगोचर असे निकटचे अवरक्त किरण मात्र पुष्कळसे परत फेकते. पान रोगी झाले, की हे प्रमाण बिघडते. त्यातील पाणी आटले, की अवरक्ताच्या आणखी एका पट्ट्यात फरक उमटतो. सन १९७२ पासून लँडसॅट मालिकेतील उपग्रह अशी चित्रे घेत आले आहेत. ग्रेगरी ॲस्नर व त्यांच्या सहकाऱ्यांनी विमानातून केलेल्या सूक्ष्म मोजणीस उपग्रहांच्या चित्रांची जोड दिली, आणि २०११ ते २०१५ या वर्षांत सुमारे ५ कोटी ८० लाख मोठ्या वृक्षांच्या शेंड्यांतील पाणी धोक्याच्या पातळीपर्यंत आटल्याचे दाखविले. अर्थात पाणी आटले ते अवर्षणाने की किडीने, हे चित्रावरून नेहमीच उमगत नाही. त्यासाठी कोणीतरी रानात जाऊन साल उचलून पाहावीच लागते.

निदान झाले, चिकित्सेचे काय? ऑक्टोबर २०१५ मध्ये तेथील गव्हर्नरांनी आणीबाणी पुकारली. रस्ते, वस्त्या व विजेच्या तारा यांजवळील मृत वृक्ष प्रथम तोडावेत, असे ठरले. हा क्रम योग्यच होता. परंतु कोट्यवधी झाडे तोडण्यास मनुष्यबळ व द्रव्य कोठून आणावे? बहुतेक वाळले लाकूड रानातच राहिले. ४ सप्टेंबर २०२० रोजी ‘क्रीक फायर’ नावाचा वणवा पेटला व त्यात सुमारे ३ लाख ८० हजार एकर भूमी होरपळली. मॅमथ पूल जलाशयापाशी सहलीस आलेल्यांची वाट अग्नीने रोखली, तेव्हा दोनशेंहून अधिक माणसांना सैनिकी हेलिकॉप्टरांतून सोडवावे लागले. याच वणव्यात शेव्हर सरोवराच्या परिसरात, जेथे अनेक वर्षे झाडांची विरळणी व पालापाचोळ्याची नियंत्रित जाळणी होत आली होती, तेथे मात्र ज्वालांचा जोर ओसरला.

यावरून सुज्ञ वाचकांनी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. घर पेटल्यावर विहीर खणू नये, हे शहाणपण आपणांस जुनेच आहे. नव्या विद्येने विहीर कोठे खणावी तेही अगोदर सांगितले. परंतु कुदळ उचलण्याचे काम तिने आपल्या शिरावर घेतलेले नाही. ते माणसासच वर्षानुवर्षे, निमूटपणे करीत राहावे लागते.